वर्गातली चार मिनिटांची हालचाल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

तास चालू असताना मुलांना मध्येच उठवून थोडी हालचाल करून घ्यावी का, आणि घ्यायची तर नेमकी कशी, याबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रं आली आहेत. सारख्या प्रश्नांची एकत्र उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे चौथीचा वर्ग आहे, पट ५८. एका बाकावर तिघं बसतात. तिसऱ्या तासापासून चुळबुळ सुरू होते. एकदा सगळ्यांना उभं करून जागेवर उड्या मारायला लावल्या, तर वर्ग पुन्हा ताब्यात यायला दहा मिनिटं गेली. आता पुन्हा करून बघायचा धीर होत नाही. – शिक्षिका, कळवा

उत्तर : हालचाल ऐन भरात असताना थांबवली, म्हणून वर्ग हाताबाहेर गेला. उड्या मारल्या की नाडी वाढते, श्वास फुलतो. त्याच क्षणी ‘बसा’ म्हटलं तर मुलं बाकावर टेकतात, पण अंगातला जोर मग बोलण्यातून आणि ढकलाढकलीतून बाहेर पडतो. त्यामुळे शेवटचं मिनिट उतरतं, म्हणजे हळूहळू शांत होत जाणारं, ठेवणं ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. व्यायाम कोणता घेतला याला त्यामानाने कमी महत्त्व आहे.

म्हणून सुरुवात थांबण्यापासून करा. पहिले तीन-चार दिवस व्यायाम नकोच, फक्त थांबायची खूण शिकवा. टाळ्यांचा ठेका चांगला: तुम्ही दोन सावकाश आणि तीन जलद टाळ्या वाजवायच्या, मुलांनी तोच ठेका परत द्यायचा आणि तळहात बाकावर ठेवायचे. मुलं वह्या काढत असताना, गप्पा मारत असताना, रांगेत उभी असताना, असा दिवसातून तीन-चार वेळा सराव घ्या. पाच-सात सेकंदांत वर्ग शांत होऊ लागला की मगच पुढे जा. शिट्टी वापरू नका. मैदानावर तिचा अर्थ ‘पळा’ असा मुलांच्या डोक्यात बसलेला असतो. ओरडून थांबवायची सवय तर मुळीच लावू नका, कारण आठवडाभरात तेवढा आवाज पुरेनासा होतो.

आता जागा. तुमचे बाक जोडबाक असतील, म्हणजे बसायची आणि लिहायची फळी एकाच लोखंडी सांगाड्याला जोडलेली असेल, तर मधल्या मुलाकडे नीट बघा. तो उभा राहिला की बसायची फळी त्याच्या गुडघ्यांना मागून टेकते आणि लिहायची फळी पोटाशी येते. गुडघा वर घ्यायला गेला की नडगी पट्टीवर आपटते. तो कळवळतो, शेजारचे हसतात आणि तिथून गोंधळ सुरू होतो. ५८ मुलं एकदम उभी केली की बाकांमधल्या वाटेतही तोच प्रकार: या बाकाचं टोकाचं मूल आणि पलीकडच्या बाकाचं टोकाचं मूल एकाच अरुंद वाटेत येतात, कोपर कोपराला लागतं.

उपाय सोपा आहे. एका आड एक बाक उभा करा. पुढून मागे मोजत विषम क्रमांकाचे बाक आधी, सम क्रमांकाचे नंतर. शेजारच्या रांगेत उलट क्रम ठेवा. टोकाच्या मुलांनी आपापल्या बाजूच्या वाटेत यायचं, मधल्याने डावीकडच्या मुलाच्या मागे जायचं. मागचा बाक बसलेला असल्यामुळे तिथली वाट मोकळी असते. बसलेल्या मुलांनी मोठ्याने आकडे मोजायचे. हे काम त्यांच्याकडे नसेल तर त्यांना वाट बघवत नाही. हात मात्र पुढे किंवा वर, बाजूला पसरायचे नाहीत.

उभं राहण्याआधी अर्धा मिनिट आवराआवर: दप्तरं बाकाखाली आणि त्यांचे पट्टे आत, पाण्याच्या बाटल्या बाकावरून उतरवून खाली, हातात पेन्सिल नाही. वाटेत लोंबणाऱ्या पट्ट्यात पाय अडकणं हे पडण्याचं नेहमीचं कारण आहे.

मग प्रत्येक गटाला दीड मिनिट. पहिले ३० सेकंद चवड्यांवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली. पुढचे ३० सेकंद जागेवर पावलं, गुडघा कमरेपर्यंत. शेवटचे ३० सेकंद उजवा हात डाव्या गुडघ्याला, डावा उजव्या गुडघ्याला. मग गट बदला, त्याला पंधरा सेकंद द्या. दोन्ही गटांचं झालं की सगळे बसलेले असताना उतरतं मिनिट: बोटं एकमेकांत गुंफून हात डोक्यावर ताणायचे, पाच आकडे धरायचे; खांदे कानांपर्यंत न्यायचे आणि सोडायचे, तीन वेळा; मग तीन आकड्यांत श्वास आत, पाच आकड्यांत बाहेर, चार वेळा. मोजताना तुमचा आवाज दर वेळी थोडा खाली आला पाहिजे. चौथ्या श्वासाला तुम्ही जवळजवळ कुजबुजत असाल. पहिल्या आठवड्यात हे सगळं पावणेपाच मिनिटांत होतं, आवराआवरीची सवय झाली की चार-सव्वाचार मिनिटांत.

एक काम हालचालीच्या आधीच करून ठेवायचं. फळ्यावर एक उदाहरण लिहून ठेवा, ज्याला त्याला आपापलं वहीत सोडवता येईल असं. श्वास संपला की तुम्ही फक्त फळ्याकडे बोट दाखवायचं. इथे ‘कोण सांगेल?’ विचारलं की तीस हात वर होतात, मागची मुलं अर्धी उभी राहतात आणि मिळवलेली शांतता जाते. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ही या वेळी नको. त्याने आवाज बंद होतो, पण हात घडीत अडकले की लिहायला सुरुवात करण्यासाठी तुम्हाला पुन्हा वेगळी सूचना द्यावी लागते.

जाता जाता: उजवा हात डाव्या गुडघ्याला लावल्याने मेंदूचे दोन भाग जोडले जातात आणि बुद्धी वाढते, असं काही शिबिरांत सांगितलं जातं. ‘ब्रेन जिम’ नावाच्या कार्यक्रमातून आलेल्या या दाव्याला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. ही हालचाल घ्यायची ती नाडी वाढते आणि उजवं-डावं सांभाळताना मुलाला लक्ष द्यावं लागतं म्हणून.

प्रश्न : आमच्याकडे ३५ मिनिटांचा तास असतो. त्यातली चार मिनिटं गेली तर अभ्यासक्रम कसा संपवायचा, असं शिक्षक विचारतात. पालकांनाही ही वेळेची नासाडी वाटते. याला काही पुरावा आहे का? – पर्यवेक्षक, ऐरोली

उत्तर : पुरावा आहे, आणि तो कुठवर जातो हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात रोज दहा मिनिटांची हालचाल वर्गातच करून घेतली, तेव्हा तिसरी-चौथीची मुलं नंतरच्या वेळात हातातल्या कामावर जास्त टिकली. हा अभ्यास २००६ सालचा. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी वेळ चार मिनिटांवर आणली: २० सेकंद जोरात हालचाल, १० सेकंद विश्रांती, असं आठ वेळा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दुसरी आणि चौथीच्या मुलांचं कामाबाहेरचं वागणं कमी झालेलं दिसलं. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात ९ ते ११ वर्षांच्या मुलांच्या लक्ष देण्याच्या चाचणीत चुका घटल्या.

म्हणजे पाठोपाठच्या वेळात लक्ष टिकतं, एवढं खात्रीने सांगता येतं. परीक्षेतल्या गुणांबद्दल निष्कर्ष एकसारखे नाहीत. पालकसभेत ‘गुण वाढतील’ असं आश्वासन देऊ नका. घटक चाचणीनंतर तेच वाक्य तुमच्याविरुद्ध येईल आणि चांगली गोष्ट बंद पडेल.

शिक्षकांसाठी अशा अभ्यासांपेक्षा स्वतःच्या शाळेतली मोजणी जास्त कामाची. एका वर्गातली दहा मुलं निवडा, पुढची, मधली, मागची मिळून, आणि त्यांना ते कळू देऊ नका. मागे बसून दर मिनिटाला दहाही मुलांकडे एकामागून एक क्षणभर बघा: कामात असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. दहा मिनिटांत शंभर खुणा होतात. एकाच विषयाच्या, एकाच तासाच्या वेळी तीन दिवस हालचालीशिवाय आणि तीन दिवस हालचालीनंतर मोजा. बघणारी व्यक्ती त्या वर्गाला शिकवणारी नसावी. गणिताच्या तासाची चित्रकलेच्या तासाशी तुलना केली तर त्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

प्रत्येक तासात चार मिनिटं द्यायची गरजच नाही. दिवसातून दोनदा पुरे: एकदा मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाच्या मध्यावर, एकदा शेवटून दुसऱ्या तासाला. मुलं मैदानावरून नुकतीच पळून आली असतील तेव्हा, किंवा पीटीच्या तासाला लागून, ती नको. वर्ग विस्कळीत झाल्यावर हालचाल घेऊ नका. टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीत, वेळ लिहून ठेवा आणि त्याच वेळेला घ्या. चुळबुळ केली की उठायला मिळतं, हे मुलांना फार लवकर समजतं.

पाढे, समानार्थी शब्द, नाम-क्रियापद ओळखणं, ही उजळणी हालचालीतच बसवता येते. साताचा पाढा म्हणताना पावलागणिक एक आकडा आणि सातच्या पटीला टाळी, हे चौथीला छान जमतं. नवा घटक मात्र चालता-चालता शिकवू नका. पावलं सांभाळायची की नवी गोष्ट समजून घ्यायची, यात दोन्ही अर्धी राहतात.

आणि यामुळे पीटीचा तास कापू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल हवी. वर्गातली आठ मिनिटं तिची जागा घेऊ शकत नाहीत.

प्रश्न : शाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. वरच्या वर्गाने हालचाल केली की खालच्या वर्गातून तक्रार येते. – शिक्षक, कोपरखैरणे

उत्तर : आवाज टाचांचा असतो. उड्या आणि दोरीशिवायच्या दोरीउड्या वगळा. टाच हळू टेकवायची हीच स्पर्धा लावा. त्याऐवजी जोर लावायचे प्रकार घ्या: तळहात एकमेकांवर दाबणं, बाकाची कड धरून वर खेचणं, भिंतीपासून हातभर लांब उभं राहून भिंत ढकलणं. प्रत्येक जोर सहा आकडे, मग सोडायचं, असं पाच वेळा. आकडे मुलांनी मोठ्याने म्हणायचे, कारण गप्प राहिली की ती श्वास रोखून धरतात आणि चेहरे लाल होतात. भिंतीवर तक्ते, खिळे किंवा मोकळी वायर नाही ना, हे आधी बघा.

प्रश्न : नववीची मुलं असल्या व्यायामाला हसतात. मुली तर उभ्याच राहत नाहीत. – शिक्षिका, घोडबंदर रोड

उत्तर : या वयात सगळ्यांसमोर हात-पाय हलवायला लाज वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. त्यांच्यावर कवायत लादू नका. हालचाल अभ्यासाच्या कामातच ठेवा.

सर्वांत सोपा प्रकार ‘उभं की बसलेलं’. तुम्ही विधान वाचायचं. बरोबर वाटलं तर उभं राहायचं, चूक वाटलं तर बसून राहायचं. ‘शून्य ही परिमेय संख्या आहे’ – उभे. ‘पारा हा अधातू आहे’ – बसलेले. अशी बारा विधानं, त्यातली सात-आठ बरोबर, पण सगळी बरोबर विधानं सलग ठेवायची नाहीत, म्हणजे उठणं-बसणं होत राहतं. तीन मिनिटं लागतात. अडचण एकच: मुलं हुशार मुलाकडे बघून उठतात. म्हणून विधान वाचल्यावर आधी सगळ्यांनी अंगठा छातीशी धरून वर किंवा खाली करायचा, तुम्ही ‘आता’ म्हणाल तेव्हाच उठायचं. चुकीचं उठलेल्यांना कारण विचारू नका. दोन विधानांनंतर ते उठणं बंद करतात.

दुसरा प्रकार, भिंतीवर चार ठिकाणी चार प्रश्न चिकटवायचे आणि जोड्यांनी फिरून उत्तरं वहीत लिहायची. ४५ मुलं एकदम फिरली तर कोंडी होते, म्हणून अर्धी फिरवा, अर्धी बसून लिहू द्या आणि चार मिनिटांनी अदलाबदल करा.

मुलींच्या बाबतीत गणवेश बघा. स्कर्टमध्ये उड्या मारणं आणि पुढे वाकणं नको, ओढणी अडकेल अशा हालचाली नकोत. पाळीच्या दिवसांत एखादी उठली नाही तर कारण न विचारता तिला विधानं वाचायला द्या. आणि तुम्ही स्वतः खुर्चीत बसून सूचना देऊ नका. मुलं हे बघतात.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. त्याला एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं जड जातं अशी अवस्था) असल्याचं निदान झालं आहे. तो सतत उठतो म्हणून त्याची मधली सुट्टी बंद करतात, कधी उठाबशा काढायला लावतात. वर्गातल्या या हालचालीचा त्याला उपयोग होईल का? – आई, खारघर

उत्तर : होऊ शकतो, पण आधी या दोन गोष्टी थांबायला हव्यात. ज्या मुलाला हालचालीची गरज जास्त, त्याचीच मधली सुट्टी काढून घेतली तर पुढचे तास त्याला आणखी जड जातात. उठाबशांची शिक्षा तर कायद्यातही बसत नाही: २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे. शाळेशी बोलताना भांडणाचा सूर नको, पण मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

पत्रात नेमकं मागा. तासाच्या सुरुवातीला आणि मध्यावर त्याला उठायचं एखादं काम द्यावं: वह्या वाटणं, फळा पुसणं, शेजारच्या वर्गात खडू देऊन येणं. काम तो अस्वस्थ होण्याआधी मिळावं, नंतर नाही. त्याला बसवेनासं झालं तर बाकावर ठेवायची एक ठरलेली खूण असावी, उदाहरणार्थ पालथा ठेवलेला खोडरबर. ती दिसली की बाईंनी काही न बोलता मान हलवायची आणि त्याने मागे जाऊन भिंत वीस आकडे ढकलून यायचं. त्याची जागा वाटेच्या कडेला असावी, म्हणजे जाता-येता दोघांना उठवावं लागत नाही.

काही मुलं उड्या, गिरक्या, पळणं यांनी आणखी चेकाळतात. तुमच्या मुलाचं तसं होत असेल तर जोर लावायची कामं जास्त चालतील: पुस्तकांचा गठ्ठा उचलून नेणं, खुर्च्या सरकवणं, भिंत ढकलणं. दोन आठवडे कशानंतर तो बसला आणि कशानंतर नाही, हे बाईंनी शाळेच्या दैनंदिनीत दोन शब्दांत लिहिलं तर डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होईल. औषध किंवा थेरपी चालू असेल तर ती यामुळे कमी करू नका.

प्रश्न : वर्गात एक मुलगी व्हीलचेअरवर आहे, दोघांना दमा आहे. शिवाय ऑक्टोबरच्या उकाड्यात मुलांना हलवायचं कसं? – पीटी शिक्षक, कळंबोली

उत्तर : मुलीसाठी वेगळा ‘सोपा’ प्रकार ठेवू नका. आठवड्यातले दोन दिवस सगळ्या वर्गाचाच प्रकार बसून करायचा असू द्या: हवेत मुठींचे ठोसे, खांद्यांची वर्तुळं, तळहात दाबणं, ठेक्यावर बाक वाजवणं. बाकीच्या दिवशी तिने हातांची बाजू करायची किंवा ठेका द्यायचा. व्हीलचेअरचे ब्रेक लावलेले आहेत ना, हे प्रत्येक वेळी बघायचं.

दम्याच्या मुलांना एकदम जोरात सुरुवात त्रासदायक ठरते, म्हणून पहिला अर्धा मिनिट सावकाश. खोकला, छातीतून घरघर, बोलताना धाप, यांपैकी काहीही दिसलं तर थांबवा, बसवा आणि डॉक्टरांनी लिहून दिलंय त्याप्रमाणे इनहेलर द्या. तो मुलाच्या दप्तरात किंवा वर्गातच असला पाहिजे. कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटातला इनहेलर वेळेवर हाती येत नाही. हृदयाचा आजार, आकडी, अलीकडची शस्त्रक्रिया यांची माहिती जूनमध्येच पालकांकडून लेखी घ्या.

आपल्या खाडीकाठच्या हवेत दमटपणामुळे घाम लवकर वाळत नाही, शरीर थंड व्हायला वेळ लागतो. ऑक्टोबरात आणि मार्चनंतर जोरदार प्रकार सकाळच्या तासांना घ्या, दुपारी फक्त ताण देणं, जोर लावणं आणि श्वास. पंखे चालू, खिडक्या उघड्या, आधी दोन घोट पाणी. डबा खाल्ल्यावर अर्धा-पाऊण तास वाकणं आणि उड्या नकोत. पावसाळ्यात मैदान बंद असतं तेव्हा वर्गातल्या हालचालीची खरी गरज, पण ओल्या बुटांनी फरशी निसरडी होते. दारात गोणपाट टाका आणि पायांच्या हालचालींआधी वाटा पुसून घ्या.

प्रश्न : स्मार्ट बोर्डवर व्यायामाचा व्हिडिओ लावला तर चालेल का? – शिक्षिका, नेरूळ

उत्तर : पहिल्या आठवड्यात तुम्हाला स्वतःला ठेका बसेपर्यंत चालेल. व्हिडिओ आधी उतरवून ठेवा, नाहीतर मध्येच जाहिरात येते आणि वर्ग तिच्यासोबत नाचतो. बरेचसे व्हिडिओ सर्वांत जोरदार ठिकाणी संपतात, त्यामुळे शेवटच्या मिनिटाआधीच तो बंद करा, पडदा काळा करा आणि उतरतं मिनिट तुमच्या आवाजात घ्या. नंतर व्हिडिओऐवजी मुलंच पुढे येऊ द्या: रोज हजेरीच्या क्रमाने दोघं, त्यांना आदल्या दिवशी तीन हालचालींच्या चिठ्ठ्या द्यायच्या. लाजरं मूल असेल तर त्याने पुढे उभं राहून फक्त आकडे मोजले तरी चालतं.